गावाचा इतिहास भरतकामात उतरवताना: तुमचे अनुभव

गावानं मिळून आपला इतिहास कापडावर भरायचा, अशा कामात तुम्ही असाल तर जरूर लिहा. टाके घातले असोत, आठवणी गोळा केल्या असोत, नाहीतर नुसत्या सुया ओवून दिल्या असोत. बहुतेकांच्या डोळ्यासमोर असतो तो फ्रान्समधला बायूचा पट: १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंडवर केलेल्या स्वारीची गोष्ट, लिननवर लोकरीनं भरलेली, जवळपास ७० मीटर लांब. मला विशेष उत्सुकता आहे ती याची: काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे तुमच्याकडे कोणी ठरवलं?

*

मी आठवणी गोळा करणाऱ्यांत होते. पहिल्या बैठकीत यादी झाली ती इमारती आणि उद्घाटनांची. मग आम्ही घरोघरी गेलो आणि एकच विचारलं, तुमच्या घरात कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते? पुराची गोष्ट प्रत्येक घरात वेगळी निघाली. एक आजी म्हणाल्या, "पाणी किती चढलं ते मला नका विचारू. आईनं आधी गाईचं दावं कापलं आणि मग आम्हाला माळ्यावर चढवलं, एवढं ध्यानात आहे." चित्रात तेच घेतलं. दावं आजींनी स्वतः भरलं: दोन रंगांची लोकर पिळून कापडावर ठेवली आणि वरून बारीक टाक्यांनी बसवली. हात लावला की ते खरंच दोरासारखं लागतं.

*

रेखाटनं माझ्याकडे होती. बायूच्या पटाचे फोटो मी फार बारकाईनं पाहिले. वर राजे आणि घोडदळ, पण खालच्या पट्टीत कोणी नांगरतोय, कोणी पेरतोय. वरच्या मोठ्या चित्रांतही एका ठिकाणी घर पेटवलं जातंय आणि एक बाई मुलाचा हात धरून बाहेर पडतेय. तेवढं पाहिलं आणि आमच्या पटालाही खालची पट्टी हवीच, असा हट्ट धरला. मोठ्या घटना वर, रोजची कामं खाली. लोक आधी खालचीच पट्टी वाचतात.

*

टाके घालणाऱ्यांसाठी थोडं. लोकर हातभरापेक्षा लांब घेऊ नका, कापडातून जाऊन जाऊन ती विरते. एका रंगाची लागेल तेवढी एकदमच घ्या, पुढच्या खेपेला छटा बदलते. कोणाचा टाका घट्ट, कोणाचा सैल. तो उसवून एकसारखा करायला मी कायम विरोध केला. इतक्या हातांचं काम आहे, तर ते तसं दिसू दे.

*

आमची वस्ती धरणाखाली गेली. धरणाच्या चित्रात सगळं निळं पाणी आणि वर होड्या, असं ठरत होतं. त्या निळ्याखाली आमची घरं आहेत, हे बैठकीत उभं राहून सांगावं लागलं. "आनंदाच्या कामात दुःख कशाला?" असं एक जण म्हणाले. मी त्यांना केइस्कामाच्या पटाचे फोटो दाखवले. दक्षिण आफ्रिकेतल्या हॅम्बर्ग नावाच्या छोट्या गावातल्या बायकांनी भरलेला तो १२० मीटरचा पट. त्यात जमिनी हिरावणाऱ्या लढाया आहेत, १८५६-५७ मध्ये गुरं मारली गेली आणि पाठोपाठ उपासमार आली, तेही आहे, आणि १९९४ ची निवडणूकही. दुःख घेऊनच तो पट त्यांच्या संसदेपर्यंत पोचला.

शेवटी आमची घरं आली. पाण्याच्याच निळ्यात, एक छटा गडद, साखळी टाक्यात नुसत्या भिंतींच्या रेषा. लांबून पाणी दिसतं, जवळ गेलं की गल्ली ओळखता येते. आमच्या दाराची चौकट माझ्या काकूंनी भरली. होड्या कमी केल्या नाहीत, आणि मीही तसा आग्रह धरला नाही. धरणाचं पाणी पिणारे लोकही याच गावचे.

*

पट पूर्ण झाल्यावरची कामं आमच्या गटाकडे आहेत. खिळे ठोकू नका. मागून वरच्या कडेला वेल्क्रोची मऊ पट्टी शिवा, खरखरीत पट्टी भिंतीवरच्या लाकडाला लावा, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. ऊन अजिबात नको. संग्रहालयं अशा कापडांवर प्रकाश साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), म्हणजे अगदी मंद ठेवतात. ठेवून द्यायचा असेल तर घडी न घालता जाड नळीवर गुंडाळा, भरतकाम बाहेरच्या बाजूला. आणि कुठलं चित्र कोणाचं, त्यातली माणसं कोण, याची वही आत्ताच करा. सांगणारे अजून आहेत.