जुन्या टर्बो डिझेलचा रोटरी पंप: इंजिन गरम असताना गाडी चालू होत नाही, सल्ला हवा

गडहिंग्लजकर
नमस्कार. माझ्याकडे २००१ सालची सात आसनी टर्बो डिझेल गाडी आहे. इंजिन १९४८ सीसीचे, नोझलांना दाबाने डिझेल पुरवणारा पंप बॉशच्या व्हीई जातीचा रोटरी, आणि आजवरचे धावणे २,४०,००० किलोमीटर. दोन महिन्यांपासून सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो, पण खरी अडचण गरम इंजिनाची आहे. मागच्या रविवारी आंबोली घाट चढून आल्यावर चहासाठी वीस मिनिटे थांबलो. त्यानंतर सेल्फ जोरात फिरत होता, तरी सायलेन्सरमधून धुराचा पुंजकासुद्धा निघाला नाही. पाऊण तासाने मात्र गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. आमचे मेस्त्री म्हणतात की पंप गेला. खर्चाची मर्यादा १२,००० रुपये आहे. पंप उतरवण्यापूर्वी काय काय तपासावे, आणि काम कोणाकडे द्यावे?

लातूरचा_पाटील
पाटील म्हणून स्पष्ट सांगतो, जुन्या पंपावर एक रुपयाही घालू नका. मी तीन वर्षांपूर्वी ५२,००० रुपये मोजून नवा कोरा पंप बसवला, तेव्हापासून बॉनेट उघडण्याची वेळ आलेली नाही. भरल्या गाडीने बालाघाटाचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढतो.

सातपूरकर
पंपाच्या आधी नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, तपासा. आमच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल बनतात, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगतो. इंजिन मंद गतीवर असताना एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित ढिला करावा. ज्याच्यामुळे इंजिनाचा आवाज बदलत नाही तो नोझल कामातून गेला, असे समजावे. मात्र फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, कारण त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि बोट कापण्याची पाळी येऊ शकते. आणि मायकोचाच माल घ्या, बॉशचा नको.

पंपरूम_कोथरूड
सातपूरकर, मायको आणि बॉश वेगळे नाहीत. मायको म्हणून १९५१ साली स्थापन झालेल्या त्याच कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सेल्फ फिरताना धूर अजिबात निघत नाही, ही यातली सर्वांत मोलाची माहिती आहे. नोझल खराब असता तर न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर दिसला असता. धूर नाही, याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेलच पोहोचत नाही. सकाळची आणि गरम इंजिनाची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, म्हणून त्या वेगवेगळ्या शोधा.

सकाळसाठी फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या रबरी नळीच्या जागी वीतभर पारदर्शक नळी लावा. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर तिच्यात बुडबुडे दिसले, तर लाइन हवा घेते आहे. गरम इंजिनासाठी, गाडी अडून बसली की पंपाच्या मागच्या बाजूवर, जिथून चार नोझलचे पाइप निघतात तिथे, ओला फडका दहा मिनिटे ठेवा. डिझेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या हेड-रोटरमधून (पंपात डिझेल दाबून नोझलांना वाटणारा मुख्य भाग) सेल्फच्या कमी वेगाला निसटते. फडक्याने गाडी चालू झाली, तर संशय बळावतो. बादलीने पाणी ओतू नका, आणि इंजिन चालू असताना तर मुळीच नको.

मुलुंडचा_जोशी
हा सगळा नव्या डिझेलचा परिणाम आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले, गंधक १० पीपीएमवर उतरले आणि जुन्या पंपांची सिले आक्रसू लागली. माझ्या पंपाच्या वरच्या झाकणातून आणि रेसच्या दांड्याच्या ओ-रिंगमधून डिझेल झिरपू लागले होते. पूर्ण सिल किट ३,८०० रुपयांत बदलले. शिवाय टाकीत नेहमी टू-स्ट्रोक ऑइल घाला, कारण गंधकाशिवाय वंगण मिळत नाही.

पंपरूम_कोथरूड
सिलांविषयी जोशी बरोबर सांगत आहेत. वंगणाविषयी मात्र नाही. शुद्धीकरणात वंगणगुण कमी होतात हे खरे, पण ते मिश्रण घालून परत आणले जातात, आणि आयएस १४६० या डिझेलच्या मानकात घर्षण चाचणीत पडणाऱ्या झिजेच्या खुणेची मर्यादा ४६० मायक्रॉन ठरवून दिलेली आहे.

मुलुंडचा_जोशी
मानक कागदावर असते, टाकीत काय येते ते पेट्रोल पंपावरचा माणूस जाणतो. मी ऑइल घालतच राहणार.

म्हापशेकर
आमच्याकडे पावसाळ्यात फिल्टरच्या तळाशी पाणी साठते. आधी ते काढा आणि फिल्टर बदला. माझी गाडी नेमकी अशीच बंद पडायची, आणि फक्त फिल्टर बदलून सुधारली. नोझलही तपासून घ्या.

गडहिंग्लजकर
सर्वांचे आभार. फिल्टर बदलला, पाणी नव्हते. पारदर्शक नळीत मात्र सकाळी करंगळीएवढा मोठा बुडबुडा दिसला. फिल्टरच्या हातपंपापाशी नळीला बारीक भेग होती. नळी आणि क्लिपा बदलल्यावर सकाळची तक्रार पूर्ण गेली, खर्च ३४० रुपये आला. काल आजऱ्याहून परतल्यावर गरम इंजिन पुन्हा अडले. फडका ठेवून दहा मिनिटांनी सेल्फ मारला, आणि गाडी लगेच चालू झाली.

लातूरचा_पाटील
पाहिलेत ना. हेड-रोटर गेला, नवा पंप घ्या.

वाईचा_मेकॅनिक
थांबा, घाई करू नका. स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे किल्ली बंद केल्यावर डिझेल अडवणारी विजेची झडप, त्याच हेडवर बसलेला असतो, त्यामुळे फडक्याने तोही थंड होतो. गरम झाल्यावर त्याची कॉइल तुटक झाली, तरी लक्षणे हुबेहूब हीच दिसतात. माझ्या एका गिऱ्हाईकाने या चुकीपायी २५,००० रुपये घालवले, आणि दोष शेवटी सोलेनॉइडमध्येच निघाला. गाडी अडेल तेव्हा किल्ली चालू-बंद करून टक् असा आवाज येतो का ते ऐका, आणि तारेवर १२ व्होल्ट पोहोचतात का ते मोजा. खात्रीसाठी सोलेनॉइड खोलून आतला दट्ट्या आणि स्प्रिंग काढून ठेवा, रिकामा सोलेनॉइड परत बसवा, आणि तशी गाडी तापवून पाहा. या स्थितीत किल्लीने इंजिन बंद होणार नाही. ब्रेक दाबून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडूनच ते बंद करावे लागेल, म्हणून ही चाचणी मोकळ्या मैदानातच करावी.

म्हापशेकर
आणखी एक गोष्ट. नळ्या काढल्या असतील, तर परतीचा बोल्ट आणि येण्याचा बोल्ट यांची अदलाबदल झालेली नाही ना, हे पाहून घ्या. परतीच्या बोल्टला आत बारीक छिद्र असते आणि त्यावर पंपातला दाब टिकतो. माझ्याकडे हीच चूक झाली होती, आणि दोन दिवस कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

गडहिंग्लजकर
बोल्ट योग्य जागी आहेत. दट्ट्या काढून चाचणी केली. गाडी तापली, बंद केली, वीस मिनिटांनी पुन्हा तशीच अडली आणि फडक्याने चालू झाली. म्हणजे सोलेनॉइड निर्दोष आहे.

सातपूरकर
भंगार बाजारातून ९,००० रुपयांत दुसरा पंप मिळतो. माझ्या मेव्हण्याने तसाच बसवला.

वाईचा_मेकॅनिक
त्या पंपाचे हेड आणखी झिजलेले नसेल, याची हमी कोण देणार? मी तर म्हणेन की तुमचा वापर कमी असेल, तर फडका आणि पाण्याची बाटली गाडीत ठेवून वर्षभर चालवा.

पंपरूम_कोथरूड
हेड-रोटर बदलायचाच असेल, तर पुण्यात कॅलिब्रेशन, म्हणजे पंपातून येणाऱ्या डिझेलचे माप जुळवणे, करून घ्या. लहान गावांतल्या टेस्ट बेंचवर (पंप उतरवून फिरवून तपासण्याचे यंत्र) विसंबू नका.

गडहिंग्लजकर
निर्णय झाला, आणि तो जवळजवळ प्रत्येकाच्या सल्ल्याविरुद्ध आहे. नवा पंप माझ्या आवाक्याबाहेर आहे, जुन्यावर भरवसा नाही, आणि वडिलांना दर पंधरा दिवसांनी डायलिसिसच्या तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचे असल्यामुळे फडक्यावर दिवस काढणे मला मान्य नाही. निपाणीजवळच्या एका वयस्कर पंपवाल्यांकडे काम दिले. त्यांनी मला बेंचशेजारी उभे केले. बेंचमधले तेल तापवून पंप आधी मंद गतीच्या वेगाने फिरवला, तेव्हा चारही काचनळ्या सारख्या भरत होत्या. मग सेल्फच्या वेगावर आणला, तर नळ्यांच्या तळाला जेमतेम तेल दिसले. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर मला दुसरे मत घ्यावेसे वाटले नाही.

नवा हेड-रोटर, सिल किट आणि कॅलिब्रेशन मिळून १८,६०० रुपये झाले, म्हणजे मर्यादेपेक्षा ६,६०० अधिक. पंप बसवताना मागच्या मधल्या स्क्रूच्या जागी डायल गेज लावून टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची वेळ, पुन्हा जुळवले. काल आंबोलीला त्याच टपरीपाशी वीस मिनिटे थांबलो, आणि अर्ध्या सेल्फला गाडी चालू झाली. जुना रोटर त्यांनी कागदात गुंडाळून परत दिला आहे. त्यावर केसाएवढा उभा ओरखडा आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण नख फिरवले की अडकते.

वाईचा_मेकॅनिक
त्या ओरखड्याचा फोटो येथे टाका. आणि सोलेनॉइडमधला दट्ट्या परत बसवला ना, तेवढे पाहा.