‘धर्मादायच्या खाटा फुल्ल आहेत’ असं तोंडी सांगितलं, आता काय करू?

कृष्णाकाठ :
सासूबाई (वय ७१) परवा वाईला मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात आणलं. अंदाजे खर्च २ लाख ४० हजार सांगितला, त्यात नुसता बसवायचा सांधा ९५ हजारांचा. उसनवारी करून ५० हजार डिपॉझिट भरलं.

आमचं केशरी रेशनकार्ड आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला २ लाख १० हजारांचा, याच वर्षीचा. दारातच पाटी आहे : गरीब रुग्णांसाठी १० टक्के आणि १० टक्के खाटा राखीव. काउंटरवर विचारलं तर म्हणाले, “तुम्ही निर्धनमध्ये बसत नाही, आणि खाटाही फुल्ल आहेत.” कागदावर काहीच दिलं नाही. परवा ऑपरेशन आहे. डॉक्टर चांगले आहेत, म्हणून तर भीती वाटते. अर्जबिर्ज केला आणि राग आईंवर निघाला तर?

निवृत्त समाजसेविका :
ताई, ती भीती आधी सोडा. अशाच एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी २६ वर्षं काढली. नातेवाइकांनी अर्ज केला म्हणून डॉक्टरांनी हात आखडता घेतलाय असं एकदाही पाहिलं नाही.

काउंटरवाल्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, त्यांना उपचार मोफत. पण दुसरे १० टक्के ‘दुर्बल घटकां’चे असतात, त्यांची मर्यादा ३ लाख ६० हजार. तुम्ही त्यात बसता, सवलतीच्या दरात उपचार मिळायला हवेत. हे रुग्णालयाच्या मर्जीवर नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना आहे, २००६ पासून.

सांध्याचं नीट वाचा, तुमचा मोठा खर्च तिथेच आहे. औषधं, इतर साहित्य, शरीरात बसवायच्या वस्तू हे सगळं रुग्णालयाने ज्या भावाने विकत घेतलं त्याच भावाने लावायचं असतं, छापील किमतीने नाही. त्यातला निम्मा तरी वाटा दुर्बल घटकातल्या रुग्णाने भरायचा, उरलेला निधीतून. हा निधी कुठून येतो? बाकीच्या रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम वेगळी काढून ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा करावी लागते. म्हणून मी घरच्यांना नेहमी सांगायचे, खाटेबरोबर निधीचंही विचारा. खाट रिकामी की भरलेली हे संध्याकाळपर्यंत बदलतं, पण निधीचा जमाखर्च धर्मादाय आयुक्तांकडे, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो, तो लपत नाही.

उद्या सकाळी काउंटर सोडा आणि थेट वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. रेशनकार्ड, दाखला, आधार यांच्या प्रती जोडून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. जायच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर त्या रुग्णालयाच्या किती राखीव खाटा रिकाम्या दिसतात ते पाहा आणि वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा. तरीही ‘फुल्ल’ म्हणाले तर अर्जावरच तसं लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा खाट निघते. नाहीच निघाली, तर पुण्यात धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात जा.

पिंपरीकर :
काकूंचं पटतं. कोविडमध्ये सरकारने खाजगीतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले होते : साधा वॉर्ड दिवसाला ४ हजार, आयसीयू साडेसात, व्हेंटिलेटरसह ९ हजार. तरी वडिलांच्या बिलात तपासण्या आणि नर्सिंग वेगळं लावलं होतं, जे त्या दरातच धरायचं होतं. महापालिकेने नेमलेल्या लेखापरीक्षकाकडे बिल नेलं आणि ६१ हजार कमी झाले. का, तर माझ्याकडे रोजचा तपशील होता. ताई, तुम्हीही रोजचं बिल रोज मागा, डिस्चार्जच्या दिवशी एकदम नको.

आरोग्यवारी :
एक भर. २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली. रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. नसेल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. हा मार्ग धर्मादायपेक्षा वेगळा आहे, दोन्ही एका अर्जात घालू नका.

कृष्णाकाठ :
काकू, काल ऑपरेशन झालं. आज आईंना वॉकर धरून उभं केलं, चार पावलं टाकली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी साडेआठला समाजसेवा विभागात गेलो. संकेतस्थळावर दुर्बल घटकाच्या ३ खाटा रिकाम्या दिसत होत्या, फोटो दाखवला. तिथल्या मॅडमनी वाद घातला नाही, अर्ज घेतला, पोच दिली, दुपारी खाट मिळाली. सांधा खरेदीच्या भावाने ५२ हजार धरलाय, आमच्याकडून २६. ९५ हजारांचा आकडा कुठून आला होता, हे विचारूनही कुणी सांगितलं नाही.

भरलेलं डिपॉझिट शेवटच्या बिलात वळतं होईल असं तोंडी सांगितलंय. ते लिहून घ्यायला यजमान आता खाली गेलेत.