साप्ताहिक रेसलिंगच्या रिव्ह्यूत तारे मोजणं थांबवायला हवं

कोपऱ्यातला_प्रेक्षक

डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीचा दर सोमवारचा रेसलिंगचा कार्यक्रम 'रॉ' संपला की तासाभरात रिव्ह्यू येऊ लागतात आणि बहुतेकांचा साचा एकच असतो. पहिली लढत, बारा मिनिटं, पावणेतीन तारे. दुसरी लढत, सात मिनिटं, दोन तारे. मधला प्रोमो (माईकवरचं बोलणं) 'ठीक होता'. शेवटी सगळ्याची गोळाबेरीज करून दहापैकी साडेपाच. माझं म्हणणं असं की या पद्धतीने साप्ताहिक शोची परीक्षा होतच नाही.

तारे देण्याची पद्धत रूढ केली डेव्ह मेल्ट्झर यांनी, रेसलिंग ऑब्झर्व्हर या न्यूजलेटरमधून. एकट्यादुकट्या लढतीसाठी ती उत्तम आहे. जानेवारी २०१७ मध्ये टोकियो डोमला ओकाडा आणि ओमेगा यांची जी लढत झाली, तिला त्यांनी पाचाची मर्यादा ओलांडून सहा तारे दिले. पुढच्या वर्षी जूनमध्ये ओसाकाला त्याच दोघांना सात. ते जास्त झाले की योग्य, हा वाद वेगळा. पण तिथे मोजायला एक पूर्ण लढत समोर होती.

रॉचं तसं नाही. ११ जानेवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमधून एक तासाचा कार्यक्रम म्हणून तो सुरू झाला, जुलै २०१२ पासून तीन तासांचा झाला, आणि त्याला सुट्टी म्हणून नाही. वर्षाचे सगळे आठवडे काहीतरी दाखवायचंच असतं. त्यामुळे तिथली लढत (निकाल लेखकच ठरवतात) पुष्कळदा मुद्दाम अर्धवट सोडलेली असते. कोणीतरी पळत येऊन मध्ये पडतो, डिस्क्वालिफिकेशन होतं, कारण खरा निकाल तीन आठवड्यांनी मोठ्या शोमध्ये द्यायचा असतो. जी गोष्ट ठरवून अर्धवट ठेवली, ती अर्धवट आहे म्हणून तारे कापण्यात काय हशील?

२३ जानेवारी २०२३ चा, तिसाव्या वाढदिवसाचा रॉ आठवा. सुरुवातीलाच रोमन रेन्सच्या टोळीचं, म्हणजे ब्लडलाइनचं 'ट्रायबल कोर्ट' भरतं. आरोपी टोळीतलाच सॅमी झेन. पॉल हेमन फिर्यादी पक्षाचा वकील होऊन एकेक व्हिडिओ लावतोय. रोमन रेन्स सगळं ऐकून घेतो आणि सोलो सिकोआला खूण करतो. सोलो मारायला पुढे होतो आणि तेवढ्यात जे उसो आडवा येतो. हा तोच जे, ज्याने आधीचे कित्येक महिने झेनवर सगळ्यात जास्त संशय घेतला होता! आता तो स्वतःचे व्हिडिओ लावतो: झेनने आपल्याला कुठे कुठे वाचवलं त्याचे. निकाल लागतो, निर्दोष, पण तूर्तास. पाच दिवसांनी रॉयल रंबल या मोठ्या शोमध्ये झेनने रोमनच्या पाठीत खुर्ची घातली, बाकीचे झेनवर तुटून पडले आणि जे उसो एकटा रिंग सोडून चालता झाला. ते चालत जाणं काळजाला भिडलं, कारण सोमवारी त्याला आडवं येताना आपण पाहिलं होतं.

त्या कोर्टात एकही डाव पडला नाही, म्हणजे ताऱ्यांच्या रकान्यात काहीच नाही. मला त्या वर्षातल्या रॉचा तो सर्वोत्तम भाग वाटतो. रिव्ह्यू करणाऱ्याने पाहायचं ते हे: मागच्या आठवड्यात जी माणसं जिथे होती तिथून ती हलली का, आणि पुढच्या सोमवारी परत यावंसं वाटलं का.

चितपट

ठाम असहमत.

कार्यक्रमाचं नाव रेसलिंग, मधोमध रिंग, आणि रिंगमध्ये काय झालं ते मोजायचं नाही? मग नुसती मालिका बघावी.

साप्ताहिक शोमधल्या लढती अर्धवटच असतात हे मुळात खरं नाही. २३ एप्रिल २००७, लंडन, रॉ. जॉन सीना विरुद्ध शॉन मायकल्स. जवळपास तासभर चाललेली लढत. हेच दोघे तीन आठवडे आधी रेसलमेनियात, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, लढले होते आणि ती फुकटातली लढत रेसलमेनियातल्या लढतीपेक्षा सरस होती असं मानणारे खूप आहेत, मीही त्यातला. १९ फेब्रुवारी २०१८ चा गॉन्टलेट (एकामागून एक नवा प्रतिस्पर्धी येत राहतो अशी लढत) घ्या. सेथ रोलिन्स तासाभराहून जास्त वेळ रिंगमध्ये, आधी रोमनला हरवतो, मग सीनाला. त्या रात्री त्याच्याबद्दल जे वाटलं ते त्याच्या घामाने वाटलं, माईकवरच्या बोलण्याने नाही.

'कथा पुढे सरकली का' हा निकष मला घातक वाटतो. त्याने लेखकांना उधारीवर जगायची मुभा मिळते. २०१० च्या जूनमध्ये रॉला एक निनावी जनरल मॅनेजर मिळाला होता. लॅपटॉपचा आवाज झाला की मायकल कोल उठायचा आणि ईमेल वाचून दाखवायचा. दर आठवड्याला आपण 'पुढे कळेल' म्हणत बसलो. वर्षभराने तो लॅपटॉप गुपचूप गायब झाला, आणि जुलै २०१२ मध्ये उत्तर मिळालं की तो हॉर्नस्वॉगल हा विनोदी कुस्तीगीर होता. तुमच्या निकषाने त्या वर्षातले कित्येक भाग पास झाले असते, कारण उत्सुकता तर होतीच की! लढत मात्र त्याच रात्री रोख हिशोब देते. चांगली झाली किंवा नाही झाली.

आणि ४ जानेवारी १९९९ ची नायट्रो (तेव्हाची प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूचा सोमवारचाच शो) विसरू नका. जॉर्जिया डोम भरलेलं, केव्हिन नॅश विरुद्ध हल्क होगन. होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश आडवा, पिन (खांदे टेकवून विजय), अजिंक्यपदाचा बेल्ट होगनकडे. कथा किती पुढे गेली बघा! लोकांना हवी होती ती लढत, आणि ती मिळालीच नाही.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

चितपट, तारीख अगदी योग्य काढलीत. त्याच रात्री दुसऱ्या चॅनलवर काय चालू होतं तेही सांगायला हवं.

रॉचा तो भाग आधीच रेकॉर्ड झालेला होता, म्हणून नायट्रोच्या कॉमेंट्रीत टोनी शिव्होनीने निकाल फोडला: मिक फोली आज तिकडे टायटल जिंकणार आहे. वरून खवचटपणे म्हणाला की याने आता तिकिटं खपणार. हे ऐकून मोठ्या संख्येने लोक नायट्रो सोडून रॉकडे वळले. निकाल माहीत असूनही! फोली विरुद्ध 'द रॉक' ही लढत डावपेचांच्या दृष्टीने काही थोर नव्हती. कडेला दोन्ही बाजूंची टोळकी, हाणामारी, शेवटी स्टीव्ह ऑस्टिनच्या एन्ट्रीचा काच फुटल्याचा आवाज, तो धावत येतो, रॉकच्या डोक्यात खुर्ची, आणि कोणीतरी फोलीला ओढून रॉकच्या अंगावर टाकतं. पिन. प्रेक्षागृहाचा तो आवाज आजही लावून ऐका. वर्षानुवर्षं पडत, फुटत, टेबलांतून आरपार जात आलेल्या माणसाच्या हातात अखेर बेल्ट आला होता. लढतीपुरते तारे देणाऱ्याला हे दिसणारच नाही.

बोटाने पडलेला नॅश ही चांगली कथा होती असं मी म्हणणार नाही. ती वाईट कथा होती. कथेवर रिव्ह्यू करा म्हणजे वाईट कथेला वाईट म्हणा, एवढंच. निनावी मॅनेजरचंही तेच. माझा निकष नीट लावला तर तिसऱ्याचौथ्या आठवड्यातच लिहावं लागलं असतं की माणसं जिथल्या तिथे आहेत, फक्त लॅपटॉप वाजतोय.

रानजाई

दोघेही एक गोष्ट सोडून बोलताय. तारे नकोत, ठीक. पण मिनिटं मोजायलाच हवीत.

२३ फेब्रुवारी २०१५ चा रॉ. तीन तासांचा कार्यक्रम. बेला भगिनी विरुद्ध पेज आणि एमा, टॅग लढत. घंटा वाजल्यापासून संपेपर्यंत साधारण अर्धा मिनिट. लढणाऱ्यांच्या एन्ट्रीला त्याहून जास्त वेळ लागला होता. याला तारे कसले देणार, आणि यात कथा काय शोधणार? त्या रात्री बोलका ठरला तो आकडाच: तीन तासांपैकी अर्धा मिनिट. प्रेक्षकांनी ट्विटरवर 'डिव्हाजना (म्हणजे महिला कुस्तीगिरांना) संधी द्या' अशी मोहीम उघडली ती या आकड्यावर. जुलैमध्ये शार्लट, बेकी लिंच आणि साशा बँक्स रॉवर आल्या, २०१६ मध्ये शार्लट आणि साशा यांनी हेल इन अ सेल या मोठ्या शोची शेवटची, म्हणजे मुख्य लढत केली, आणि एप्रिल २०१९ मध्ये रेसलमेनियाची शेवटची लढत तीन बायकांची होती. हे सगळं एका मोहिमेने घडलं असं मी म्हणत नाही. त्या मुली एनएक्सटीत (कंपनीच्या नवोदितांच्या शोमध्ये) आधीच जीव तोडून लढत होत्या. पण मुख्य शोमध्ये त्यांना किती वेळ मिळतो हे कोणी मोजत नव्हतं तोवर कोणाला उत्तरही द्यावं लागत नव्हतं.

'वेळ कमी मिळाला' हे वाक्य रिव्ह्यूत लिहून भागत नाही. किती मिनिटं ते लिहा. मी दर आठवड्याला लिहिते.

उशिराचा_पाहुणा

मुळात दर आठवड्याला रिव्ह्यू हवाच कशाला? जानेवारी २०२५ पासून रॉ नेटफ्लिक्सवर आहे, ज्याला हवा तेव्हा तो बघतो. कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणावर कोणी वेगळं परीक्षण लिहितं का? महिनाभर थांबा, मोठा शो होऊ द्या, मग सगळं मिळून लिहा. घाईघाईत लिहिलेले रिव्ह्यू पुढे खोटे पडतात.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

पाहुणे, कादंबरी छापून झालेली असते. हा कार्यक्रम लिहिता लिहिता बदलतो आणि प्रेक्षकामुळे बदलतो. २०१४ च्या रॉयल रंबलमध्ये तिसावा, म्हणजे शेवटचा स्पर्धक म्हणून रे मिस्टेरिओ आला आणि लोकांनी त्या लाडक्या माणसाची हुर्यो केली, कारण त्यांना डॅनियल ब्रायन हवा होता. बटिस्टा जिंकला तेव्हाही तेच. पुढचे काही आठवडे प्रत्येक प्रेक्षागृहात ब्रायनच्या नावाचा जप चालू होता. १० मार्चच्या रॉवर तर ब्रायनच्या 'येस' या घोषणेचे टीशर्ट घातलेल्या माणसांनी रिंग भरून टाकली. ६ एप्रिलला रेसलमेनिया ३० ची शेवटची लढत ब्रायनने जिंकली. महिनाभर गप्प बसून मग मत देऊ असं त्या प्रेक्षकांनी ठरवलं असतं तर?

रानजाई, मिनिटांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण १२ नोव्हेंबर २०१८ आठवा. स्मॅकडाउनच्या, म्हणजे कंपनीच्याच दुसऱ्या साप्ताहिक शोच्या मुली रॉवर चाल करून येतात, निया जॅक्सचा ठोसा बसतो, बेकीचं नाक मोडतं. आणि ती हात पसरून प्रेक्षकांच्या मधोमध जिन्यावर उभी राहते, चेहरा रक्ताने भरलेला. त्या रात्री तिची लढतच नव्हती. मिनिटांच्या तक्त्यात हे कुठे लिहिणार?

रानजाई

तक्त्यात नाही, तक्त्याखाली लिहीन. पण ती चाल रंगली कारण तोवर बायकांना रॉवर एवढा वेळ मिळू लागला होता. २०१५ च्या अर्ध्या मिनिटात नाक मोडून घेऊन जिन्यावर उभं राहायला जागाच नव्हती.

आकडेमोड

प्रेक्षकसंख्या बघा, झालं. १९९६ ते १९९८ मध्ये नायट्रोने रॉला सलग ८० हून जास्त आठवडे हरवलं. तेव्हा नायट्रो सरस होता, विषय संपला.

चितपट

आकडेमोड, मार्च २००१ मध्ये नायट्रोचा शेवटचा भाग झाला आणि कंपनी प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. लोक आले हे आकडा सांगतो. का आले आणि का निघून गेले ते सांगत नाही. रिव्ह्यू त्यासाठी असतो.

आता धागाकर्त्यांना. ब्रायनचं उदाहरण तुम्ही माझ्या हातात आणून दिलंत, आभार. लोकांनी त्याच्यासाठी एवढं रान का उठवलं? उंची, पीळदार शरीर, जाहिरातबाज बोलणं, यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं. लोकांनी त्याला प्रत्येक आठवड्याला रिंगमध्ये पाहिलं होतं. कोपऱ्यातली ती धावती ड्रॉपकिक, गुडघ्यावर बसलेल्याच्या छातीवर एकामागून एक लाथा, प्रत्येक लाथेला प्रेक्षागृहाचा 'येस', आणि समोरचा कोणीही असो, त्याच्यासोबतची लढत चांगली व्हायची. कथा लेखकांनी नंतर जोडली. पहिली मागणी लढतींनी तयार केली.

याच माणसाने पुढे, ब्रायन डॅनियलसन या नावाने, २२ सप्टेंबर २०२१ ला न्यूयॉर्कच्या आर्थर अॅश स्टेडियममध्ये केनी ओमेगाशी लढत केली. कार्यक्रम होता एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीचा डायनामाइट, म्हणजे साप्ताहिकच. तीस मिनिटं, वेळ संपली, बरोबरी. तुमच्या व्याख्येप्रमाणे अर्धवट! निकाल नाही, बेल्ट हलला नाही, वैर जिथल्या तिथे. तरी स्टेडियम उभं राहिलं होतं. मेल्ट्झर यांनी पाच तारे दिले आणि ते बरोबर दिले. हा भाग तुम्ही 'माणसं हलली का' या पट्टीने मोजलात तर काय लिहाल?

आणखी एक. लढत नीट न बघणारा रिव्ह्यूकार कथाही नीट बघत नाही. एखाद्याचा डावा गुडघा दहा मिनिटं पिळला गेला, तो लंगडत उठला आणि पुढच्या मिनिटाला त्याच पायावर उडी मारून रिंगच्या कोपऱ्यातल्या टर्नबकलवर चढला, तर ती कथेचीच चूक आहे. ती पकडायला गुडघ्याकडे लक्ष असावं लागतं. तारे देणारा निदान प्रत्येक लढत शेवटपर्यंत बघतो. प्रोमो चांगला झाला म्हणून बाकी सगळं पुढे ढकलत बघणारे रिव्ह्यू मी वाचले आहेत, त्यांत लढतीबद्दल एक ओळ असते आणि तीही कोण जिंकलं एवढीच.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

डॅनियलसन आणि ओमेगाच्या त्या रात्रीबद्दल मी लिहीन की वैर त्याच रात्री पेटलं. ओमेगा तेव्हा चॅम्पियन होता आणि नव्याने आलेल्या माणसाला तो तीस मिनिटांत हरवू शकला नाही. बरोबरीने त्याचा तोरा गेला. याहून मोठी हालचाल कोणती? लढत थोर होती हे कबूल, पण पुढच्या बुधवारी लोक परत आले ते या न लागलेल्या निकालासाठी.

गुडघ्याचं मान्य. तेवढं मात्र मी कथेच्याच खात्यात लिहिणार.

चितपट

कुठल्याही खात्यात लिहा, पण लिहा. आणि लढतीला आकडा देणार नसाल तर तीन तासांतली कोणती वीस मिनिटं आधी बघायची हे रिव्ह्यूच्या पहिल्या ओळीत सांगा. ज्याच्याकडे तेवढाच वेळ आहे तो वाचक ताऱ्यांकडे त्यासाठीच जातो.