रेल्वे इंडिकेटरसारखी ठिपक्यांची मराठी अक्षरं घरच्या बोर्डावर कशी आणायची?

शेवटची_खोपोली
नमस्कार मंडळी, लोकलच्या प्लॅटफॉर्मवर असतो ना तसा लाल ठिपक्यांचा इंडिकेटर हॉलच्या दारावर लावायचाय, पोराला ट्रेनचं वेड आहे म्हणून सुरुवात केली आणि आता मीच रात्री १ पर्यंत बसतोय. लॅमिंग्टन रोडवरून पी-१० चे दोन लाल पॅनल (एलईडी ठिपक्यांच्या तयार पाट्या), एक आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम टाकायचा छोटा सर्किट बोर्ड) आणि ५ व्होल्टचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणला. इंग्लिश पहिल्या दिवशीच चाललं. मराठी टाकलं की बोंब. आधी नुसते चौकोन येत होते, मग एक देवनागरी फॉन्ट कन्व्हर्ट करून घातला तर कर्जतचा रफार तुटून र पाय मोडून खाली उभा आणि डोंबिवलीचं झालं "डोंबविली". बायको म्हणते हे स्टेशन नवीन झालंय का? कुणाकडे मराठीचा तयार डॉट मॅट्रिक्स फॉन्ट आहे का, असला तर प्लीज टाका.

सोल्डरचा_धूर
दादा फॉन्ट शोधू नकोस, फॉन्टने हे होणारच नाही. इंग्लिशला एक अक्षर म्हणजे ५ बाय ७ चा एक ठोकळा, एकापुढे एक ठेवत जा, झालं. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी टाइप होते ब च्या नंतर पण दिसायला हवी ब च्या आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर उडी मारतो, ही जुळवाजुळव मोबाइलमध्ये एक वेगळं सॉफ्टवेअर करतं आणि ते ऊनोत नाही. म्हणून तुझी वेलांटी ब च्या नंतर आली आणि व च्या डोक्यावर बसली.

सरळ उपाय म्हणजे आख्ख्या नावाचं चित्र करायचं. तुझे दोन पॅनल मिळून ६४ बाय १६ ठिपके, म्हणजे एका नावाला १२८ बाइट. शंभर स्टेशनं भरलीस तरी १३ केबीच्या आत, ऊनोची फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम साठवायची मेमरी, ३२ केबी आहे. फक्त सगळं प्रोगमेममध्ये (म्हणजे त्या फ्लॅशमध्येच) ठेव, रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, २ केबीच आहे, तिथे टाकलंस तर बोर्ड वेड्यासारखा वागेल.

आणि उंचीचा हिशोब आधी कर. मी १६ ओळी अशा वाटतो: वरच्या ४ मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वाराला, १ शिरोरेषेला, ८ अक्षराच्या अंगाला, खालच्या ३ उकाराला. पहिलं नाव "कुर्ला" काढ. खाली उकार, वर रफार, दोन्ही आहे. ते बसलं की बाकी लाइन बसलीच समज. रुंदीला डोंबिवली साधारण ४०-४२ कॉलम खाते, एका पॅनलच्या ३२ मध्ये मावली नसती, दोन घेतलेस ते बरं केलंस.

पाटीवाला_नाना
वरचं बरोबर आहे, त्यात माझी भर. मी दुकानांचे बोर्ड करतो, बरीच वर्षं झाली. मराठीत सगळा जीव शिरोरेषेत असतो हो. घ ची रेघ सलग, ध ची डावीकडे तुटलेली, म ची सलग, भ ची तुटलेली. ठिपक्यात हा फरक किती, तर एक किंवा दोन दिवे. एका गिऱ्हाइकाचा घाटकोपरचा बोर्ड होता, नेमका घ च्या डोक्यावरचा एक एलईडी गेला आणि तो माणूस आठवडाभर "धाटकोपर" घेऊन बसला होता, फोन करून मलाच शिव्या. तेव्हापासून मी ध आणि भ ला दोन ठिपक्यांची फट सोडतो, एक सोडली तर लांबून भरूनच निघते, उजेड पसरतो ना. भांडुपचं मांडुप होतं. तुमच्या लाइनवर भायखळाही आहे, सांभाळा.

मराठी आकडे घालणार असाल तर १ आणि ९ हे आकडे ५ बाय ७ मध्ये अजिबात काढू नका, एकमेकांचे भाऊ दिसतात. निदान ८-९ ओळी द्या.

अंबर_प्रेमी
थोडं अवांतर, पण पुढच्या वेळी बहुरंगी पॅनल घेऊ नकोस, जुना लूक जातो. लाल, पिवळट हिरवा आणि अंबर हेच रंग जुन्या बोर्डांवर दिसायचे कारण बाजारात तेच एलईडी होते, झगझगीत निळा १९९० च्या दशकात आला, त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. ठिपक्यांची आयडिया मात्र एलईडीच्या कितीतरी आधीची, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला १९२८ मध्ये १४,८०० बल्ब लावून इमारतीभोवती बातम्या फिरवल्या होत्या. साधे बल्ब! विचार कर वायरिंग कुणी केलं असेल.

बाय द वे फोटो काढलास आणि अर्धी अक्षरं गायब दिसली तर पॅनल खराब म्हणून परत करायला जाऊ नको. हे पॅनल एका वेळी १६ पैकी ४ च ओळी पेटवतात आणि पटापट बदलतात, डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. शटर स्पीड कमी कर, सेकंदाचा ३० वा भाग वगैरे.

शेवटची_खोपोली
नाना, दादा, सगळ्यांचे आभार! चौकटीच्या वहीत पेन्सिलने कुर्ला काढला, तीनदा खोडला, रफार ल च्या काठीत घुसत होता, शेवटी काठी एक कॉलम उजवीकडे ढकलली आणि जमलं. पोरगा चौकोन रंगवतो, मी त्यावरून बाइटचे आकडे लिहितो. ठाणे, कल्याण, बदलापूर, कर्जत झाले, आणि डोंबिवली आता डोंबिवलीच आहे. अडलोय टिटवाळ्याला. ळ काढला की चष्मा दिसतो. काय करू?

पाटीवाला_नाना
दोन्ही गोल वेगळे काढताय तुम्ही. प्रत्येक गोल ५ कॉलमचा ठेवा पण मधला कॉलम दोघांचा एकच, म्हणजे एकूण ९. आणि त्याच मधल्या कॉलममधून दांडी वर शिरोरेषेला भिडवा, चष्म्याला ती नसते.