टाकी फुल्ल केली की वास येतोय म्हणजे आधी फ्लोटचं गॅस्केट बघा

दादा, जुन्या जीपची टाकी फुल्ल केली की पेट्रोल पाझरतं आणि अर्ध्यावर आली की थांबतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे टाकी बदलायची घाई नको. आधी गेजच्या (पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या काट्याच्या) फ्लोटचं, म्हणजे टाकीत तरंगणाऱ्या डबीचं, गॅस्केट बघा; गॅस्केट म्हणजे तिथली गळती रोखणारी रबरी चकती.

सोलापुरात एप्रिल-मेचं ऊन ४० अंशांच्या वर. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल गाडीत आल्यावर २० अंशांनी तापलं, तर ४० लिटरमागे पाऊण लिटर फुगतं, आणि कडक झालेल्या गॅस्केटमधून वाट काढतं. माझ्याही गाडीला हेच झालं होतं. मेकॅनिकने सायकलच्या ट्यूबचं गॅस्केट कापून बसवलं, ते पेट्रोलने फुगून वेडंवाकडं झालं. साधं सिलिकॉनही टिकत नाही. पेट्रोलला टिकणाऱ्या नायट्राईल रबरचंच घ्या, स्क्रूखाली नवे वॉशर टाका, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

फ्लोट कानाशी हलवून बघा. आत खळखळलं तर तो भोक पडलेला आहे, गेज कायम रिकामी टाकी दाखवेल. गॅस्केट बसतं तिथला पत्रा घासून चकचकीत करा, गेजला अर्थिंग बऱ्याचदा तिथूनच मिळतं.

आणि कळकळीने सांगतो, बॅटरीची अर्थ वायर आधी काढा. काम सकाळी, मोकळ्या अंगणातच करा.