मदत हवी आहे: दुर्लक्षित, वयस्क आफ्रिकन ग्रे पोपटाचा विश्वास कसा मिळवावा?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे नुकताच एक आफ्रिकन ग्रे आलाय. वय साधारण 20-22. आधीच्या घरी वर्षानुवर्षं लहानशा पिंजऱ्यात होता, खायला नुसत्या सूर्यफुलाच्या बिया. छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटली आहेत. पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवलं; कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व कमी पडलंय, बाकी ठीक.

हात दिसला की तो मागच्या कोपऱ्यात सरकतो, पिसं अंगाशी घट्ट चापून घेतो आणि घोगरं गुरगुरतो. मी तिथेच थांबते, बळजबरी अजिबात नाही. पण पिंजऱ्याशेजारी बसून हळू आवाजात काही वाचत राहिलं की मान तिरकी करून ऐकतो. परवा तर डोळे अर्धे मिटून चोच करकर घासत बसला होता! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आता टार्गेट ट्रेनिंग सुरू करायचंय, म्हणजे काडीच्या टोकाला चोच लावली की लगेच बक्षीस. पण त्याला काडीचीच धास्ती आहे. पूर्वी कुणी डिवचलं असावं. काडीऐवजी काय वापरू? दुसरं म्हणजे बक्षीस म्हणून त्याला फक्त सूर्यफुलाच्या बियाच चालतात, आणि डॉक्टरांनी त्याच कमी करायला सांगितल्यात. वाटीतून काढून त्या फक्त ट्रेनिंगपुरत्या ठेवल्या तर या वयात तो खाणंच टाकेल का? नव्या खाण्याची सवय कशी लावलीत?

असा मोठ्या वयाचा पोपट कुणी सांभाळला असेल तर कृपया सविस्तर लिहा.