पॅकेज बसवताना संपादकांची पाने का पुसली गेली?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार. मी सोलापुरातून घरून काम करतो. एका वित्तसंस्थेच्या संकेतस्थळाची देखभाल आमच्या गटाकडे असून ते अडोबी एक्स्पीरियन्स मॅनेजर या मजकूर-व्यवस्थापन प्रणालीवर चालते. गेल्या आठवड्यात चाचणी सर्व्हरवर तयार केलेले पॅकेज (पाने व कोड एकत्र बांधलेली फाइल) मुख्य सर्व्हरवर बसवले, तेव्हा संपादकांनी त्याच सकाळी टाकलेली व्याजदरांची तीन पाने नाहीशी झाली. माझ्या पॅकेजमध्ये ती पाने नव्हतीच. शिवाय दोन्हीकडचा मजकूर उतरवून गिटमध्ये (फाइलींमधील बदल नोंदवणाऱ्या साधनात) ताडून पाहिला, तर डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या मराठी ओळीही वेगळ्या दाखवल्या जातात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
ती पाने पॅकेजमध्ये नव्हती, म्हणूनच पुसली गेली. आपल्या फिल्टरमध्ये, म्हणजे पॅकेज कोणत्या मार्गांना लागू होते त्या यादीत, संपूर्ण मराठी विभागाचा मार्ग दिलेला असणार. मोड (पॅकेज बसवण्याची पद्धत) लिहिला नसेल तर ‘रिप्लेस’ गृहीत धरला जातो, आणि त्या मार्गाखाली जे पॅकेजमध्ये नाही ते समोरच्या सर्व्हरवरून काढून टाकले जाते. ‘मर्ज’ मोडमध्ये केवळ नव्याची भर पडते व जुन्याला धक्का लागत नाही. ‘अपडेट’ जुने बदलते, पण काही पुसत नाही. तरीही मोड बदलण्यापूर्वी फिल्टरचा मार्ग अरुंद करा, म्हणजे जी पाने आपण खरोखर बदलली तेवढीच त्यात राहतील. पॅकेज थेट पब्लिश सर्व्हरवर (जेथून वाचकांना पाने दिसतात) बसवले असेल, तर ती पाने ऑथर सर्व्हरवर (जेथे संपादक लिहितात) अजून असतील. तेथून ती पुन्हा प्रकाशित करता येतील. माझे स्पष्ट मत असे, की कोड चाचणीकडून मुख्य सर्व्हरकडे जावा आणि मजकूर मुख्य सर्व्हरवरून चाचणीकडे यावा. संपादकांचे श्रम आपल्या पॅकेजखाली गाडले जाणे मला तरी मान्य नाही.

उत्तर २
दुसऱ्या अडचणीविषयी. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द आपल्या पानांवर वारंवार येत असेल. त्यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) ०९३१ या एकाच अक्षराने लिहिता येतो किंवा ‘र’पुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) देऊन, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण गिट बाइट, म्हणजे संगणकात साठवलेले मूळ अंक, ताडून पाहते. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) केल्यावर ही दोन रूपे एक होतात. मात्र काही कळफलक ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) असे तिसरे रूप टाकतात, ते एनएफसीने बदलत नाही. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लागते, आणि तिने जोडक सरसकट काढू नये, कारण इतर काही शब्दांत तो हेतुपुरस्सर दिलेला असतो. पानाचा मजकूर एक्सएमएल फाइलच्या एकाच लांब ओळीत येतो, म्हणून गिटचा ‘वर्ड-डिफ’ (शब्दागणिक फरक दाखवणारा) पर्याय वापरावा. विंडोजच्या ओळ-समाप्ती चिन्हांचाही फरक आधी काढून टाकावा.

प्रश्नकर्ता
दोघांचे मनःपूर्वक आभार. फिल्टरमध्ये खरोखरच संपूर्ण विभागाचा मार्ग होता. ती तीन पाने ऑथर सर्व्हरवर सापडली आणि आज दुपारी पुन्हा प्रकाशित केली. तिसऱ्या रूपासाठीची स्क्रिप्ट लिहून झाली की येथेच देईन.